खडकाळ किनाऱ्यावरच्या साध्या घरातून दिवसभराच्या सहली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कड्याच्या माथ्यावर दगडी भिंतींचं जुनं घर, आत लाकडाची शेगडी, खाली सतत आपटणारं पाणी. अशा घरात आठवडाभर राहायला जाणारे लोक आम्हाला बरेच प्रश्न विचारतात. अशा घरांतून आम्ही अनेक वर्षं सकाळी निघून संध्याकाळी परतलो आहोत, काही वेळा चुकलोही आहोत. उत्तरं त्या अनुभवातून दिली आहेत.

सहलीची आखणी कुठून सुरू करायची?

भरती-ओहोटीच्या तक्त्यापासून. नकाशा नंतर उघडा. वाळूच्या साध्या किनाऱ्यावर बहुतेकदा हे एवढं महत्त्वाचं नसतं, कारण तिथे पाणी थोडं पुढे आलं की आपण थोडं मागे सरकतो. खडकाळ किनाऱ्यावर मात्र सकाळी दहा वाजता जिथे चालायला वाट असते, तिथे दुपारी तीन वाजता छातीभर पाणी असू शकतं. गुहा, खडकांतली डबकी, कड्याखालची पुळण, जवळचं बेट ही सगळी ठिकाणं ओहोटीची आहेत. कड्यावरची पायवाट, दीपगृह, आतल्या बाजूचा डोंगर ही भरतीची. पोहोचल्या दिवशीच पुढच्या सात दिवसांच्या ओहोटीच्या वेळा कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला लावा. अर्धी आखणी तिथेच होते.

तक्ता वाचायचा कसा?

बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटं जातात. म्हणून आज ओहोटी सकाळी आठला असेल तर उद्या ती नऊच्या जरा आधी असेल. रोज साधारण ५० मिनिटांनी वेळ पुढे सरकते. जगात काही किनारे असेही आहेत जिथे दिवसातून एकच भरती येते, त्यामुळे दुसऱ्या किनाऱ्यावरची सवय इथे लागू पडेलच असं धरून चालू नका.

वेळेइतकंच उंचीकडे लक्ष द्या. अमावस्या आणि पौर्णिमेच्या सुमारास, बऱ्याच ठिकाणी त्यानंतर एक-दोन दिवसांनी, उधाण असतं. तेव्हा पाणी खूप वर चढतं आणि खूप खालीही उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा पाणी फारसं हलत नाही. डबकी बघायची असतील तर उधाणाची ओहोटी गाठा, एरवी पाण्याखाली राहणारे खडक तेव्हाच उघडे पडतात. मात्र त्याच दिवशी भरतीही जोरात परतते हे विसरू नका.

पाणी सहा तास एकाच वेगाने चढत नाही. पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा भाग, दुसऱ्यात दोन भाग, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक असा ढोबळ हिशोब आहे. म्हणजे मधल्या दोन तासांतच निम्मं पाणी येतं. ओहोटी संपल्यावर पहिला तास काहीच होत नाहीसं वाटतं, माणूस निवांत होतो, आणि मग पाणी एकदम धावत आल्यासारखं दिसतं. घात होतो तो याच निवांतपणामुळे.

आणखी दोन गोष्टी. तक्ता नेमका कोणत्या बंदराचा आहे ते बघा, कारण वीस-तीस किलोमीटरवरही वेळ बदलू शकते. आणि तक्त्यातले आकडे शांत हवेचे असतात. हवेचा दाब १ हेक्टोपास्कलने उतरला की समुद्राची पातळी साधारण १ सेंटिमीटरने चढते, त्यात किनाऱ्याकडे वाहणारा जोराचा वारा भर घालतो. वादळी दिवशी तक्त्यापेक्षा अर्धा मीटर जास्त पाणी येणं अशक्य नाही.

सगळीकडे एवढा फरक पडतो का?

नाही. कॅनडातल्या फंडीच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक सुमारे १६ मीटरपर्यंत जातो, म्हणजे पाच मजली इमारतीएवढा. भूमध्य समुद्रात बहुतेक ठिकाणी तो अर्ध्या मीटरच्याही आत असतो. तुमचं घर भूमध्य समुद्रावर असेल तर तक्त्याऐवजी वारा आणि लाटा बघून दिवस ठरवा.

नकाशावर पंधरा किलोमीटर दिसतात, मग जायला तास कसा लागतो?

कारण रस्ता किनाऱ्यासारखाच वेडावाकडा असतो. समोरच्या टोकावरचं घर डोळ्यांना दिसत असतं, पण मध्ये आत शिरलेली खाडी असते आणि तिच्या मुखाशी पूल नसतो. गणितज्ञ बेन्वा मँडेलब्रॉ यांनी १९६७ साली ब्रिटनच्या किनाऱ्याचंच उदाहरण घेऊन दाखवलं की किनाऱ्याची एक अशी ठरावीक लांबी नसतेच, मोजपट्टी जितकी लहान तितकी ती वाढत जाते. खडकाळ किनाऱ्यावर गाडी चालवताना हे गणित हातापायांना कळतं. एकपदरी रस्ता, समोरून गाडी आली की मागे घेणं, वळणापलीकडे काय आहे ते न दिसणं. ताशी ३० किलोमीटर धरा. इंधनाची टाकी अर्ध्यावर आली की भरून घ्या.

आमचा नियम असा की एका बाजूला एक तासापेक्षा जास्त गाडी चालवायची नाही. त्याहून लांबचं ठिकाण कितीही नावाजलेलं असलं तरी ते दुसऱ्या मुक्कामासाठी ठेवायचं.

गाडी न काढता काय करता येईल?

सगळ्यात चांगली सहल हीच. दार ओढून घ्यायचं आणि कड्यावरच्या वाटेने एका दिशेला निघायचं. पहिल्या दिवशी वारा तोंडावर घेऊन निघा, म्हणजे दमून परतताना तो पाठीशी असेल.

पण वेळेचा अंदाज नीट करा. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ साली सांगितलेला हिशोब अजून उपयोगी पडतो. तो मीटरमध्ये मांडला तर ताशी ५ किलोमीटर, आणि दर १०० मीटर चढाला १० मिनिटं जास्त. किनाऱ्यावरची वाट नकाशावर सपाट दिसते, पण प्रत्येक ओढ्यापाशी ती समुद्रापर्यंत उतरते आणि पलीकडे पुन्हा चढते. इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरची पायवाट १,०१४ किलोमीटरची आहे आणि तिच्यावरचा एकूण चढ सुमारे ३५,००० मीटर भरतो, म्हणजे दर दहा किलोमीटरला साडेतीनशे मीटर. दहा किलोमीटरला एवढा चढ धरला तर नेस्मिथच्या हिशोबाने दोन तास पस्तीस मिनिटं होतात. त्यात बसणं, बघणं, फोटो हे सगळं आलं नाही. आम्ही सरळ चार तास धरतो.

कड्याच्या काठापर्यंत किती जवळ जावं?

स्वतःच्या उंचीच्या दुपटीहून जवळ जाऊ नका, आणि वारा असेल तर तेवढंही नाही. वरून गवत घट्ट दिसतं, पण लाटांनी कडा खालून पोखरलेला असू शकतो आणि आपण उभे असतो ती जागा नुसती हवेत बाहेर आलेली असते. काठाला समांतर भेग दिसली तर तिच्या जमिनीकडच्या बाजूला राहा. मोठ्या पावसानंतर आणि गोठणाऱ्या थंडीनंतर दरडी जास्त कोसळतात. हाच धोका खालीही असतो: पुळणीवर बसायचं तर कड्याच्या पायथ्याला टेकून बसू नका. तिथे ताजे, धारदार कडांचे दगड पडलेले असतील तर ते नुकतेच वरून आले आहेत.

असे किनारे झिजत असतात म्हणूनच इतके देखणे असतात. लाटा खडकातली भेग रुंद करतात, तिची गुहा होते, गुहा आरपार गेली की कमान, कमानीचा माथा पडला की समुद्रात एकटा उभा राहतो तो सुळका. हे आपल्या आयुष्यातही घडतं. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात ‘लंडन ब्रिज’ म्हणून ओळखली जाणारी दुहेरी कमान होती. १५ जानेवारी १९९० रोजी तिचा किनाऱ्याकडचा भाग कोसळला तेव्हा दोन पर्यटक पलीकडच्या भागावर होते, त्यांना हेलिकॉप्टरने आणावं लागलं. माल्टातली प्रसिद्ध ‘अझूर विंडो’ ही कमान ८ मार्च २०१७ रोजी वादळात गेली. कमानीवर चढायचा मोह झाला तर या दोन तारखा आठवा.

ऊन आहे, वारा नाही, मग लाटांची भीती कशाला?

कारण लाट इथल्या वाऱ्याची नसते. हजार-दोन हजार किलोमीटरवर झालेल्या वादळाचा फुगारा, म्हणजे तिथून निघालेल्या लांब लाटा, दोन-तीन दिवसांनी निरभ्र आकाशाखाली येऊन पोहोचतो. बराच वेळ लहान लाटा येतात आणि मध्येच मोठ्या लाटांचा एक गट येतो. आइसलँडच्या रेनिसफ्यारा या काळ्या वाळूच्या किनाऱ्यावर अशाच अचानक वर येणाऱ्या लाटांनी माणसं ओढून नेली आहेत, आणि त्यातली बरीचशी पाण्यात उतरलेलीच नव्हती.

खडकावर उतरण्याआधी वर थांबून पंधरा-वीस मिनिटं नुसतं बघा. खडक जिथपर्यंत ओला आहे तिथपर्यंत पाणी येतं, त्यात शंका नको. ओला, काळपट खडक म्हणजे वर पातळ शेवाळ, आणि त्यावर कोणताही बूट टिकत नाही. समुद्राकडे पाठ करून फोटो काढू नका.

कुणी पाण्यात पडलंच तर मागोमाग उडी मारू नका. तरंगणारं काहीही फेका, मदतीला फोन करा, आणि पडलेल्याला ओरडून सांगा की उताणं हो, तरंगत राहा. थंड पाण्यात पहिली एक-दोन मिनिटं श्वास आवरत नाही, त्यात पोहायचा प्रयत्न केला की पाणी नाकातोंडात जातं. तेवढा वेळ तरंगून काढला की श्वास ताब्यात येतो.

खडकांतल्या डबक्यांत एवढं बघण्यासारखं काय असतं?

आमच्या मते या सगळ्या सहलींत ही पहिल्या नंबरची. ओहोटीच्या दीड तास आधी खाली उतरा, पाण्यामागोमाग खाली सरकत जा, आणि पाणी वळलं की तुम्हीही वळा.

वरून खाली जाताना पट्टे बदलतात. सगळ्यात वर लाटांचे नुसते तुषार पोहोचतात तिथे काळं, डांबर सांडल्यासारखं दगडफूल. मग पांढरी, खरखरीत बार्नेकल, म्हणजे खडकाला चिकटून राहणारे कवचाचे छोटे प्राणी. मग काळ्या शिंपल्यांचे दाट थर. खाली लांब पट्ट्यांचं समुद्रशेवाळ आणि त्याच्या आडोशाला समुद्रफुलं, तारामासे, रिकामा शंख पाठीवर घेऊन हिंडणारे खेकडे. प्रत्येकाची जागा ठरलेली: वरची हद्द उन्हात किती वेळ तग धरता येतो यावर, खालची हद्द बहुतेकदा कोण आपल्याला खातं यावर. अमेरिकेचे जीवशास्त्रज्ञ रॉबर्ट पेन यांनी १९६३ पासून वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावर खडकाच्या एका भागातले तारामासे काढून टाकत राहण्याचा प्रयोग केला. शिंपले खाणारं कुणी उरलं नाही, तेव्हा शिंपल्यांनी खालपर्यंत जागा व्यापली आणि बाकीचे जीव हटत गेले. एक प्राणी गेला तर सगळी वस्ती बदलते, हे त्या खडकाने शिकवलं.

शंकूच्या आकाराचं कवच असलेलं लिंपेट दिसलं तर त्याच्याजवळ बसा. भरतीत ते शेवाळ खरवडत फिरतं आणि ओहोटीच्या आधी बरोबर आपल्या जागेवर परततं. तिथे खडकावर त्याच्या कवचाच्या मापाची खोबण झिजून तयार झालेली असते. त्याच्या दातांत गोथाइट हे लोहखनिज असतं, आणि सजीवांनी बनवलेल्या सर्वांत बळकट पदार्थांत या दातांची गणना होते.

दगड उचलला तर होता तसाच, होता त्याच बाजूवर परत ठेवा. त्याच्या खालचे जीव उघड्या उन्हात फार वेळ तग धरत नाहीत. लिंपेट उपटू नका. काहीही घरी नेऊ नका, रिकामा शंखसुद्धा नको, त्याची वाट बघणारा एखादा खेकडा तिथेच असतो.

समुद्रातल्या गुहेत जाता येतं का?

पायी जायचं तर ओहोटी चालू असतानाच, आणि लाट लहान असेल तरच. आत जाण्याआधी भिंतीवरची ओल किती उंचीवर आहे ते बघा. ती डोक्याच्या वर असेल आणि मागे बाहेर पडायला दुसरी वाट नसेल तर परत फिरा. काही गुहा होडीतूनच बघाव्यात. स्कॉटलंडच्या स्टाफा बेटावरच्या फिंगल्स केव्हमध्ये षटकोनी बेसॉल्टचे खांब दोन्ही बाजूंना उभे आहेत, आत लाटेचा आवाज घुमतो. संगीतकार मेंडेलसन १८२९ साली तिथे गेले होते. लाव्हा थंड होताना आकसला आणि त्याला अशा भेगा पडल्या, म्हणून खांब.

बेटावर जायचं आहे. कोणता दिवस धरावा?

मुक्कामाच्या सुरुवातीचा. ही एक गोष्ट लोक हमखास उलटी करतात: बेट शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवतात, आणि त्या दिवशी समुद्र खवळलेला निघतो. पहिल्या किंवा दुसऱ्या दिवसाचं आरक्षण करा, रद्द झालं तर पुढचे दिवस हातात राहतात. आयर्लंडच्या स्केलिग मायकलवर प्राचीन मठाच्या दगडी झोपड्या आहेत आणि वर जायला सहाशेहून अधिक पायऱ्या, पण फुगारा असला की होडी धक्क्याला लागूच शकत नाही. होडीवाला नाही म्हणाला तर त्याच्याशी वाद घालू नका.

ओहोटीत चालत किंवा गाडीने जाता येणाऱ्या बेटांचं वेगळं. इंग्लंडमधल्या लिंडिसफार्नचा रस्ता दिवसातून दोनदा पाण्याखाली जातो, सुरक्षित वेळा जाहीर केलेल्या असतात, तरीही गाड्या अडकतात. वाटेवर खांबांवर उभी केलेली एक खोली आहे, ती अडकलेल्यांना चढून बसण्यासाठी. जाहीर वेळ संपायच्या अर्धा तास आधी परतीला लागा.

पक्षी आणि सील किती जवळून बघावेत?

दुर्बिणीतून. पक्ष्याने मान वर करून तुमच्याकडे पाहिलं किंवा सीलने डोकं उचललं, तर तुम्ही आधीच जास्त जवळ गेला आहात. सीलचं पिल्लू एकटं दिसलं तरी ते टाकलेलं आहे असं समजू नका, त्याची आई बहुधा पाण्यात असते आणि माणसं हटेपर्यंत येत नाही. पफिन हे समुद्रपक्षी बघायला जात असाल तर तारीख बघा. ऑगस्टच्या मध्यापर्यंत बहुतेक वसाहती रिकाम्या होतात.

दीपगृह बघायला दिवसा जावं की रात्री?

दोन्ही वेळा. दिवसा वर चढू देत असतील तर चढा. माणूस पुळणीवर उभा असताना क्षितिज जेमतेम साडेचार-पाच किलोमीटरवर असतं, १०० मीटर उंचीवरून तेच सुमारे ३६ किलोमीटरवर जातं. वर भिंग मूळचं असेल तर बघा: ऑगस्तँ फ्रेनेल यांनी काचेच्या कड्यांनी प्रकाश एका दिशेला वळवणारं भिंग घडवलं, आणि ते १८२३ साली फ्रान्सच्या कोर्दुआन दीपगृहात लागलं. इंग्लंडच्या एडिस्टन खडकावर जॉन स्मीटन यांनी १७५९ मध्ये उभारलेला मनोरा इतका पक्का होता की शेवटी त्याच्याखालचा खडक आधी झिजला. वरचा भाग आता प्लिमथला किनाऱ्यावर उभा आहे.

रात्री घराच्या दारातून उजेड मोजा. प्रत्येक दीपगृहाची लय वेगळी असते, दहा सेकंदांत दोन झोत, पंधरात एक, असं काहीतरी. जवळपासच्या दिव्यांच्या लयी कागदावर लिहून ठेवल्या की अंधारातही कोणतं टोक कुठे आहे ते कळतं. मुलं यात रमतात.

धुकं किंवा वादळ असेल तर दिवस वाया?

अजिबात नाही. ओलसर उबदार हवा थंड पाण्यावरून येते तेव्हा समुद्रावर धुकं धरतं, आणि दहा मिनिटं आत गाडी नेली की बऱ्याचदा लख्ख ऊन असतं. आतल्या बाजूचं एक ठिकाण अशा दिवसासाठी राखून ठेवा.

वाऱ्याचं बोफर्ट मापन लक्षात ठेवा, ब्रिटिश नौदलाच्या फ्रान्सिस बोफर्ट यांनी ते १८०५ मध्ये मांडलं. सहा म्हणजे ताशी ३९ ते ४९ किलोमीटर, छत्री सांभाळणं अवघड. सातला वाऱ्याविरुद्ध चालताना जोर लावावा लागतो. आम्ही सहाला कड्यावरची वाट सोडतो आणि टोकाच्या आडोशाच्या बाजूला जातो, तिथे पाणी आश्चर्य वाटावं इतकं शांत मिळतं.

फोनला रेंज नाही. काय करावं?

निघताना टेबलावर चिठ्ठी ठेवा: कुठे, कोणत्या वाटेने, कधी परत. शेजारी कुणी असेल तर त्यांनाही सांगा. शिट्टी जवळ ठेवा, मिनिटाला सहा वेळा आणि मग मिनिटभर थांबायचं, हा मदतीचा इशारा.

एकदा आम्ही पुळणीवर गप्पांत अर्धा तास जास्त थांबलो आणि टोकाला वळसा घालायची वाट पाण्याखाली गेली. पाण्यातून जायचा विचार मनात आला होता. त्याऐवजी सुकलेल्या समुद्रशेवाळाच्या रेषेच्या वर एक कपार होती, तिथे चढून पाच तास बसलो. सोबतची मुलगी रडली, थंडी वाजली, अंधारात परतलो. पण परतलो.

सोबत काय न्यायचं?

चांगली पकड असलेले बूट, वारा अडवणारं जाकीट, एक जास्तीचा कोरडा कपडा, पाणी, कागदी नकाशा, डोक्याला लावायची बॅटरी. संध्याकाळी परतायचंच असलं तरी बॅटरी न्या.

घर साधं आहे याचा सहलीशी काय संबंध?

बराच आहे. शेगडी पेटवून खोली ऊबदार व्हायला तासभर लागतो, म्हणून उजेड असताना परत या. सकाळी निघताना लाकडं आणि काड्या रचून ठेवा. बूट दोन जोड आणा, कारण ओले बूट एका रात्रीत सुकत नाहीत आणि शेगडीला टेकवले की चामडं तडकतं, सोल सुटतो. आत कागद कोंबून दूर ठेवा. किनाऱ्यावर वाहून आलेलं लाकूड सुकवूनही शेगडीत घालू नका: त्यात मुरलेलं मीठ लोखंड खातं आणि धूरही विषारी होतो.

आणि रोज सहल काढू नका. दोन दिवस फिरलात की एक दिवस दारातच बसा.

शेवटच्या दिवशी काय करावं?

पहिल्या दिवशी ओहोटीला जिथे उभे होतात तिथेच, पुन्हा ओहोटीच्या वेळी जा. तुम्ही उधाणाला आला असाल तर सात दिवसांत भांग लागलेला असेल. ज्या खडकावर बसून तारामासे मोजले होते तो आता बाहेर येणारच नाही. पाण्यात नीट पाहिलंत तर कुठे होता ते दिसेल, त्याच्यावरून जाणारी लाट जरा आधी फुटते.